माणूस निघालाय

"माझे वडील भ्रमिष्ट झालेत की नाही, तेवढं मला शोधून द्या," खुर्चीत बसता बसता ती म्हणाली.

वहिनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यासाठी डॉक्टर असतात. आम्ही चोऱ्या बघतो, हरवलेली माणसं बघतो."

"डॉक्टर म्हणतात, डोकं शाबूत आहे. बाकीचं जग म्हणतं, नाही."

कोपऱ्यात बसलेल्या भाऊजींनी वर्तमानपत्र खाली केलं. तपासाची ही खासगी कचेरी वहिनींची. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. ते 'वहिनी' म्हणत, म्हणून हळूहळू सगळं गावच 'वहिनी' म्हणू लागलं होतं. भाऊजींकडे दोन कामं होती: गाडी चालवायची आणि चुकीच्या माणसावर आधी संशय घ्यायचा.

मुलीने सांगितलं ते असं. तिचे वडील एका मोठ्या शिक्षणसंस्थेत धावण्याचे प्रशिक्षक. सगळे त्यांना कोच सर म्हणत. संस्थेच्या आवारात जागोजागी पिवळे खांब आहेत. अडचणीत सापडलेल्याने लाल बटण दाबायचं, की खांबातून कंट्रोल रूममधली ऑपरेटर बोलते आणि मदत पाठवते. गेल्या आठवड्यात कडाक्याच्या थंडीत सर मैदानाच्या टोकाला एकटेच फिरत होते. पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. सरपटत ते जवळच्या खांबापाशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं.

"आणि उत्तर आलं. पुरुषाचा आवाज, खरखरता, कुणाचा ते ओळखू न येणारा. 'घाबरू नका. जागचे हलू नका. माणूस निघालाय.' बाबा थांबले. दिवस मावळायच्या बेताला माळ्याला दिसले, तोवर कुणी फिरकलं नाही."

"त्यात काय! आवाज ज्याचा, त्याला धरा," भाऊजी म्हणाले.

"दिवसपाळीच्या दोन्ही ऑपरेटर बायका आहेत. आणि तिथून फोन येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी खांब उघडला, तर केबलच तुटलेली. खांब कधीचा मेलेला."

"मेलेला खांब बोलला?"

"सगळे असंच हसतात. संस्थेने त्यांना 'आता घरी आराम करा' असं सुचवलंय. ते मी सोसलं असतं. पण काल बाबांनीच मला विचारलं, 'मला खरंच ऐकू आलं होतं का गं?'"

वहिनींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चला, भाऊजी."

कोच सर दवाखान्यात पडून होते. उशाशी संत्र्यांची टोपली होती.

"आमच्या व्यवस्थापकांनी आणली," सर म्हणाले. "रोज येतात बिचारे. म्हणतात, वेदनेत माणसाला भास होतात, मनाला लावून घेऊ नका."

"तुम्ही खांबाला काय सांगितलंत?"

"नाव सांगितलं. पडलोय म्हणालो. किती वेळ लागेल, तेही विचारलं."

"त्यावर काय उत्तर आलं?"

"'घाबरू नका. जागचे हलू नका. माणूस निघालाय.' थोड्या वेळाने परत दाबलं. तेव्हाही तेच."

"आवाजामागे आणखी काही ऐकू येत होतं?"

सरांनी डोळे मिटले. "कट्-कट्. मग जरा थांबून पुन्हा कट्-कट्. जन्मभर पोरांच्या पावलांचा ताल ऐकलाय मी. हा लंगडा होता."

संस्थेच्या मुख्य इमारतीत लिफ्ट मंजुळ आवाजात म्हणाली, "दार बंद होत आहे. कृपया दूर राहा."

"हो हो, राहतो की," म्हणत भाऊजी मागे सरकले.

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"काय झालं?"

"काही नाही. संस्कार चांगले आहेत."

सुरक्षाप्रमुख स्वेटर घालून, हात चोळत बसले होते. बसल्या बसल्या वहिनी म्हणाल्या, "उकडतंय जरा. पंखा लावता?"

भाऊजींनी काळजीने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. प्रमुखांनी नवलाने बटण दाबलं. पंखा गुपचूप फिरू लागला.

"दर आठवड्याला प्रत्येक खांबाची चाचणी होते," प्रमुख म्हणाले. "पहारेकरी बटण दाबतो, उत्तर आलं की पुढे जातो. टोकाच्या खांबावर जाणारा पठ्ठ्या म्हणतो, उत्तर यायचं! न जाताच थापा. काढून टाकतोय त्याला."

दारात उभा असलेला पहारेकरी कळवळून म्हणाला, "शपथ घेऊन सांगतो, यायचं. कुणीतरी साहेब बोलायचे. मी 'चाचणी आहे' म्हणायचो आणि निघायचो."

"ऐका! मढ्याशी गप्पा मारत होता," प्रमुख म्हणाले.

शेजारीच कंट्रोल रूम होती. तिथे छताला पंखाच नव्हता. वहिनी आत शिरल्या तेवढ्यात ऑपरेटर बाई फोनवर बोलत होत्या. "कंट्रोल रूम, बोला. काय झालंय? चालता येतंय का? बोलत राहा माझ्याशी, माणूस पोचेपर्यंत मी आहे."

फोन ठेवल्यावर वहिनींनी विचारलं, "सगळ्यांशी असंच बोलता?"

"शिकवलंच तसं आहे. आधी विचारायचं, मग सांगायचं."

"टोकाच्या खांबावरून चाचणीचा फोन यायचा?"

"आठवत नाही. आला नाही तरी आम्हाला कोण विचारतंय? पहारेकऱ्याला उत्तर मिळालं की चाचणी संपली."

वायरमनच्या खोलीतही वहिनींनी टेबलफॅन लावायला सांगितला; तो एकसुरी घुंघुं करत राहिला. मग वायरमनला घेऊन सगळे मैदानाच्या टोकाला गेले. लालभडक नवा ट्रॅक थेट खांबाच्या बुडाशी येऊन वळत होता. मागे दाट मेंदीचं कुंपण होतं, पलीकडे पायवाट. तिथून जाणाऱ्या दोन मुलींचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

"केबल ट्रॅकखालून जाते," वायरमन म्हणाला. "उन्हाळ्यात खोदकाम झालं तेव्हाच तुटली असणार. कुणी सांगितलं असतं, तर ट्रॅक फोडून जोडली असती. पण चाचणीत खांब ठीक म्हणत होते, मग मी कशाला बघतोय?"

त्याने खांबाचं दार उघडलं. आत धुळीचा थर होता. त्या थरात तळहाताएवढा एक चौकोन मात्र स्वच्छ होता, कडेला चिकटपट्टीचे तुकडे.

"इथे काय होतं?"

वायरमनने डोकं खाजवलं. "आमचं काही नव्हतं. इथे काही बसवतच नाहीत."

"किल्ल्या कुणाकडे असतात?"

"माझ्याकडे, सुरक्षाप्रमुखांकडे आणि व्यवस्थापकांकडे."

परतताना भाऊजी कुजबुजले, "वायरमनच! वायरी त्याच्या, किल्ली त्याची."

"तुम्ही म्हणता म्हणजे तो सुटला," वहिनी म्हणाल्या.

व्यवस्थापक अघळपघळ, प्रेमळ माणूस होते. मागच्या भिंतीवर ट्रॅकच्या उद्घाटनाचा फोटो होता. "माझं लेकरूच म्हणा ना. उन्हाळाभर इथेच मुक्काम होता माझा. स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. सरांचं फार वाईट वाटतं हो. पण वय झालं की मन खेळ करतं."

"पंखा लावता का जरा?"

"या थंडीत?" ते हसले, पण त्यांनी लावला. पंखा कुरकुरत, कट्-कट् करत फिरू लागला. भाऊजींना सटासट शिंका सुटल्या. "बंद करा हो, गारठून मरेन मी!"

"करा बंद," वहिनी म्हणाल्या. "माझं काम झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी, डॉक्टरांची परवानगी काढून, कोच सरांना चाकांच्या खुर्चीतून त्याच खोलीत आणलं. मुलगी, सुरक्षाप्रमुख, वायरमन, पहारेकरी सगळे होते. व्यवस्थापकांनी लगबगीने खुर्च्या मांडल्या.

"सरांनी ऐकलं ते खरं," वहिनींनी सुरुवात केली. "पहारेकरीही तेच सांगतोय, पुरुषाने उत्तर दिलं. एकमेकांशी याबद्दल एक शब्द न बोललेली दोन माणसं तीच थाप मारत नाहीत. म्हणजे खांब बोलत होता."

"केबल तुटलेली असताना?" प्रमुखांनी विचारलं.

"ऑपरेटर आधी विचारते, काय झालंय. या आवाजाने एकही प्रश्न विचारला नाही. सरांनी वेळ विचारली, त्याचं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदाही तेच शब्द, त्याच क्रमाने. ऐकणारं कुणी नव्हतंच. आमच्या भाऊजींनी काल लिफ्टला उत्तर दिलं. लिफ्टला ते कळलं का?"

भाऊजी खजील झाले.

"बटण दाबलं की बोलणारं, बॅटरीवर चालणारं एक छोटं यंत्र खांबात चिकटवलेलं होतं. धुळीतला स्वच्छ चौकोन त्याचाच. सर सापडले त्या संध्याकाळी ते कुणीतरी काढून नेलं. राहिला प्रश्न आवाजाचा. आवाजामागे लंगड्या तालाची कट्-कट् होती. मला वाटलं, पंखा. पण या थंडीत पंखा कोण लावतो? म्हणजे बोलणं उन्हाळ्यात भरलं होतं, केबल तुटली तेव्हा. म्हणून मी जाईन त्या खोलीत पंखा लावायला सांगितला. किल्ली असलेल्या तिघांपैकी एकाचाच तसा वाजतो."

त्यांनी उठून भिंतीवरचं बटण दाबलं.

कट्-कट्. कट्-कट्.

सरांनी डोळे मिटले. खुर्चीच्या दांडीवर त्यांची बोटं त्याच तालावर हलू लागली. मुलीने तोंडावर हात ठेवला.

"हाच," सर म्हणाले.

व्यवस्थापकांनी उठून पंखा बंद केला. "स्पर्धा आठवड्यावर आल्या होत्या," ते म्हणाले. "खांब बंद आहे हे चाचणीत कळलं असतं, तर ट्रॅक फोडावा लागला असता. स्पर्धा झाल्या की फोडू म्हटलं. मग वाटलं, तिकडे जातं कोण? तक्रार नव्हती. राहून गेलं."

"आणि रोज दवाखान्यात?" मुलगी उसळली. "रोज येऊन भास होतात म्हणून सांगत होता, तेही राहून गेलं?"



"खांब मुका असता तर बरं झालं असतं," सर शांतपणे म्हणाले. "कुंपणापलीकडून पोरं जात होती. त्यांचं हसणं ऐकू येत होतं मला. एक हाक मारली असती तर धावत आली असती. पण तुम्ही म्हणालात, माणूस निघालाय. मी विचार केला, उगाच कशाला पोरांना घाबरवा." ते क्षणभर थांबले. "आभारी आहे, असंही म्हणालो होतो तुम्हाला."

व्यवस्थापकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी संचालकांपुढे सगळं कबूल केलं. पहारेकऱ्याची नोकरी राहिली. प्रमुखांनी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. सरांना आराम सुचवणारा निरोप मागे घेण्यात आला.

चार दिवसांनी मैदानाच्या टोकाला वायरमन पहार घेऊन उभा होता. बाजूला चाकांच्या खुर्चीत शाल पांघरून कोच सर, मागे त्यांची मुलगी. या ट्रॅकसाठी सरांनी उभी हयात अर्ज केले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वायरमनने पहार उचलली, लालभडक पृष्ठभागाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि त्याचा हात अडखळला.

"अहो, थांबलात का?" सर म्हणाले. "मारा."