खिळ्यावरचा नान

टक्... टक्...

घरातल्या शांततेत भिंतीवरचा वाळका नान वाजला. दार उघडलं की वाऱ्यानं तो असाच हलायचा. गुलनोझनं वळून पाहिलं. उंबऱ्यात दावरोन उभा होता... तिचा नवरा. चार वर्षांनी.

मजुरीसाठी रशियाला निघताना त्यानं रीतीप्रमाणे त्या नानचा एक घास घेतला होता. उरलेला खिळ्याला टांगून ठेवायचा, जाणाऱ्यानं परत येऊन संपवायचा. पहिल्या हिवाळ्यात रोज फोन. मग तो तिकडे कुणा बाईबरोबर राहतो अशी बातमी आली, आणि फोन थांबले. "काढून टाक गं तो," शेजारणी म्हणायच्या. तिनं काढला नाही. दावरोन आला की त्याच्यासमोर तो चुरायचा, चिमण्यांना घालायचा आणि दार कायमचं लावायचं, हे तिचं ठरलेलं होतं.

"अजून ठेवलायस?"

"तुमच्यासाठी नाही. चिमण्यांसाठी."

"घाल मग. त्यांनी तुला कधी फसवलं नाही."

नान काढून ती अंगणात गेली. चुरणार, तोच बोटं घासाच्या खुणेवर अडली. मधोमध बारीकसा उंचवटा होता... त्याच्या तुटक्या दाताचा.

लग्नाआधी एकदा बाजारात ती जर्दाळू विकत होती. एका अनोळखी पोरानं ऐटीत जर्दाळूची बी दातानं फोडली, आणि दातच तुटला!

"अगं बाई, दात गेला की!"

"जाऊ दे. तू हसलीस ना?"

आता तोच दावरोन अंगणात तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. "चुकलो मी, गुलनोझ. कारण विचारू नकोस... कारण नाहीच."

मग आत जाऊन तिनं नान गरम चहात बुडवला.

"विसरणार नाही मी. पण हा राग रोज झटकून पुन्हा टांगायचा... हात दुखले हो आता. खा. सावकाश, आणखी एक दात गेला तर मला बोलायचं नाही."

तो हसायला गेला आणि रडला. अर्धा तुकडा मोडून त्यानं तिच्यापुढे धरला. तिनं घेतला, बोटं बोटांना लागली, आणि तिनं ती मागे घेतली नाहीत.

पडद्याआडून पाहणारी त्यांची पाच वर्षांची लेक रोबिया पुढे आली. आधी या पाहुण्याकडे, मग रिकाम्या खिळ्याकडे बघत म्हणाली,

"आई, आता तिथं नवा टांगायचा?"

गुलनोझचा घास तोंडातच राहिला.