दर्यानं परत दिलं

मितेश बुडून सहा दिवस झाले आणि सावरखाडीच्या एक्केचाळीस होड्या वाळूवर बसून होत्या. गावाचा रिवाजच तसा. बुडालेला माणूस किनाऱ्याला लागेपर्यंत होडी लोटायची नाही. नाहीतर त्याच्या आईनं किंवा बायकोनं आपल्या तोंडानं ‘लोटा’ म्हणायचं. पूर्वी तिसऱ्या दिवशी प्रेत यायचंच. दर्या कुणाचं ठेवून घेत नाही, असं म्हातारे सांगत. पण हा दर्या आता पूर्वीचा राहिला नव्हता.

त्याला कारण डॉ. यतीन शेवड्यांचे ‘त्वराणू’. समुद्रात जे मरतं, मासा असो की शेवाळ, ते जीवाणू कुजवतात आणि त्यातलं नत्र, स्फुरद पाण्यात मोकळं करतात. त्या खतावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात, त्या खाऊन बारीक किडे, किडे खाऊन बांगडे. शेवड्यांनी या जीवाणूंना घाई करायला शिकवलं. महिन्यांचं काम दिवसांवर आलं आणि ओस पडलेला किनारा मासळीनं भरला. दर्यात सोडण्याआधी चाचणीच्या टाकीत त्यांनी मेलेले मासे, कासवं, अगदी व्हेलचं हाडसुद्धा टाकून पाहिलं होतं. माणूस तेवढा सुचला नव्हता. भल्या माणसाच्याही डोक्यात सगळं येतं थोडंच?

ऐन हंगाम हातचा चालला होता. म्हणून नाखव्यांनी शेवड्यांनाच मितेशच्या आईकडे, चांगुणाबाईकडे पाठवलं.

“बाई, प्रेत येणार नाही,” शेवडे कसेबसे म्हणाले. “दुसऱ्याच दिवशी... काही उरलं नसेल. हाडंसुद्धा.”

“मंग माजा पोर गेला कुठं?”

खोटं बोलणं सोपं होतं. तिच्यासमोर त्यांना ते जमेना. त्यांनी सगळं सांगितलं. जीवाणू, वनस्पती, किडे.

“आनि मंग बांगड्यात?”

“हो.”

“लांब वाहून जातंय का?”

“नाही. खाडीच्या तोंडाशी पाणी गोल फिरतं. इथंच राहतं.”

“किती दिवसांनी?”

“साधारण बारा.”

तिनं बोटांवर मोजलं. “नाखव्यांना सांगा, आनखी सहा दिवस दम धरा.”

बाराव्याचं कार्य उरकलं आणि ती किनाऱ्यावर येऊन म्हणाली, “लोटा.” सुतक संपलं म्हणून म्हणाली, असं गावाला वाटलं.

संध्याकाळी पहिली पाटी रिवाजाप्रमाणे तिच्या दारात आली. तिनं कालवण केलं आणि शेवड्यांना जेवायला बोलावलं. ताट पुढ्यात आलं तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“चांगुणाबाई, हे नका...”

“का? परक्यानं खाल्लेला चालंल?” काटा काढत ती म्हणाली. “नऊ महिने माज्याच पोटात होता. दर्यानं आनून दिला, मी नको म्हनू?”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी तिनं पहिला घास घेतला.

शेवड्यांचा हात ताटाजवळच थांबला. बाहेर एक्केचाळीस होड्यांची बाकीची मासळी बर्फात घालून शहराच्या गाड्यांत चढत होती.