काकूंच्या चौदा कॅसेटी

पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण देवाशपथ, यातलं एक अक्षरही मी मनचं घातलेलं नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. कोल्हापूर, मंगळवार पेठेतलं माझं माहेर. रात्र नव्हती, दुपारचे तीन वाजले होते. भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सगळे तिच्या होणाऱ्या सासरी, गडहिंग्लजला गेलेले.

मला नेलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी माझे मिस्टर वारले. निघताना माझा भाऊ उदयसिंह खाली बघत म्हणाला, "ताई, लग्नात ये, पण फोटोत नको. लोकं बोलत्यात."

वर माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी भंगारात घालायलाही सांगून गेला.

त्या माझ्या वारलेल्या संयोगिताकाकूंच्या. काकू सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाल्या. माझ्या वडिलांनी घरात व्हिडिओ कॅमेरा आणला आणि त्यांच्याच हातात दिला. लोक म्हणाले, केवढं मोठं मन! कसलं मोठं मन? कॅमेरा धरणारी बाई फोटोत येत नाही, एवढंच.

पण काकू पक्क्या होत्या. पुरुष बाहेर पडले की स्वयंपाकघरात कॅमेरा सुरू करून बायकांना बोलतं करायच्या.

टाकण्याआधी एकदा बघावं, म्हणून मी तो कॅमेरा टीव्हीला जोडला.

माझी आई, डोक्यावरचा पदर पाडून खो खो हसताना.

शेजारच्या बनाबाई, थेट कॅमेऱ्यात बघून सांगताना, "मला शिकायचं हुतं. बानं ऐकलं न्हाय."

दारात चपला वाजल्या की चित्र बंद.

काकू मात्र कुठेच नव्हत्या. तेरा कॅसेटी झाल्या, त्यांची सावलीसुद्धा नाही. मला रडूच फुटलं. आता माझंही असंच होणार होतं.

चौदावी कॅसेट माझ्या हळदीची. पाटावर मी. बायका ओळीनं हळद लावतायत.

आणि कॅमेऱ्यामागून कुणीतरी म्हणालं...

"काकू, तुमी बी या की. हळद लावा."

काकू आल्या. दाराआडून. बिचकत. माझ्या गालाला हळद लावून हसल्या.

हे असं घडलंच नव्हतं. माझ्या हळदीत काकू कॅमेरा धरून उभ्या होत्या. घरात दुसऱ्या कुणाला तो चालवताही येत नव्हता.

मग धरला कुणी?

मी कॅसेट मागे घेतली. आवाज वाढवला. परत ऐकलं...

तो माझा आवाज होता. पाटावरच्या तेवीस वर्षांच्या मुलीचा नाही. आत्ताचा, रडून रडून बसलेला.

लग्नात उदयसिंहनं माझ्या हातात मोबाईल दिला. शूटिंग तू घे म्हणाला.

मी शूटिंग सुरू केलं. मोबाईल खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवला आणि भाचीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. भावानं डोळे वटारले. मी हलले नाही. मग पाहुण्यांतही फिरून आले.

संध्याकाळी ते शूटिंग बघितलं.

मोबाईल खुर्चीवरच होता. त्याला कुणीच हात लावला नव्हता, मी दहा जणांना विचारलं.

तरी चित्र हळूहळू वळत होतं... मी जाईन तिकडं. गर्दीतनं वाट काढत माझ्या तोंडाजवळ येऊन थांबत होतं.

मी ते अजून कुणाला दाखवलेलं नाही. घरात एकटी असले की लावते. अंगावर काटा येतो, तरी लावते.