ऐकतानाचा शॉट

आमच्या चॅनेलने कॅमेरामन ठेवणं बंद केल्यापासून बातमीला मी एकटीच जाते. कॅमेरा मीच लावायचा, माइक मीच अडकवायचा, प्रश्न मीच विचारायचे आणि मग गाडीत नाहीतर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून लॅपटॉपवर सगळं जोडून सहाच्या बातम्यांना पाठवायचं. आपणच वर, आपणच वाजंत्री. ऑफिसात बसलेला आमचा संपादक डेल मला दर आठवड्याला सांगतो, "क्रिस्टा, काहीतरी नवीन शीक." उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा मिशिगनमध्ये कुणी नाही.

त्या हिवाळ्यात मी ऐकतानाचा शॉट शिकत होते. कॅमेरा एकच असला की आधी समोरच्याचं बोलणं टिपायचं. ते झालं की कॅमेरा उलटा फिरवायचा आणि आपला ऐकणारा चेहरा टिपायचा. जरा मान हलवायची, कपाळाला थोडी आठी घालायची. दोन्ही जोडलं की पाहणाऱ्याला वाटतं, वा, दोन कॅमेरे होते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, असं म्हणतात. मला वाटतं ऐकण्याचंही येत नाही. माझे ते शॉट बघून डेल म्हणायचा, "दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी दिसतेस."

बरागा गावात, सरोवराच्या किनाऱ्यावर, हिल्या ओयाला यांच्या घरी गेले तेव्हा त्यांचे यजमान, रेनो, बेपत्ता होऊन आठवडा होत आला होता. म्हातारा सकाळी गोठलेल्या सरोवरावरून आपल्या मासेमारीच्या खोपटीकडे गेला, धुकं उतरलं आणि तो परत आला नाही. त्याची बर्फावरून ढकलायची घसरगाडी खोपटीपाशी सापडली, म्हणून पाणबुडे तिथेच, पार आत, बर्फाला भोकं पाडून शोधत होते. आता दक्षिणेचा वारा सुटणार होता. तो सुटला की सरोवराच्या या उपसागरातला सगळा बर्फ फुटून मोठ्या पाण्यात जातो. त्याच्याखाली जे असेल ते मग कुणाला सापडत नाही. आजवर बुडालेली कितीतरी माणसं अशीच त्या पाण्यात राहिली आहेत. पाणबुडे त्याच संध्याकाळी काम थांबवणार होते.

"नीमींची नात ना तू?" दारातच हिल्याबाई म्हणाल्या. "आजीसारखीच हडकुळी. निसू खा आधी."

वेलदोड्याचा निसू पाव खाल्ल्याशिवाय त्या घरात कुणाला कामाचं बोलता येत नाही. मग त्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या आणि सरळ माझ्याकडे बघून बोलल्या. "थडग्याचा दगड तयार आहे. दोघांची नावं कोरलेली आहेत. मला रिकाम्या खड्ड्याशेजारी झोपायचं नाही, एवढंच. तो मिळू दे."

त्या कॉफी टाकायला उठल्या आणि मी कॅमेरा फिरवला.

कॅमेऱ्यामागे आणि खुर्चीत एकाच वेळी राहता येत नाही, म्हणून मी माझ्या खुर्चीत झाडू उभा केला आणि त्याच्यावर फोकस धरला.

"झाडूची मुलाखत घेतेस?" चुलीपाशी उभ्या असलेल्या हिल्याबाईंनी विचारलं. "बोलला काही तर सांग. इथे कोणी बोलत नाही आता."

झाडू बाजूला ठेवून मी बसले आणि रिकाम्या स्टुलाकडे बघत थोडा वेळ मान हलवली. मला पक्कं आठवतं, मी तेव्हा डेलचा विचार करत होते. मग कॅमेरा बंद केला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि शॉट लावला.

पहिल्यांदा वाटलं, फोकस चुकला. तसं नव्हतं. माझी नजर स्टुलावर नव्हती. ती बरीच वर होती, उभ्या असलेल्या उंच माणसाच्या तोंडाकडे बघावी तशी. मग ती हळूहळू सरकली, चुलीपर्यंत गेली, तिथे थांबली आणि परत खिडकीकडे आली. माइकवर फक्त किटलीचा आवाज होता. पण माझा चेहरा ऐकत होता. कुणीतरी फार मोठं काही सांगावं आणि एक शब्दही सुटू नये म्हणून माणूस श्वास धरतो, तसा चेहरा होता तो. मी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. पण भीती वाटली नाही. लहानपणी चर्चमध्ये सगळी माणसं एकदम उभी राहिली की जसं वाटायचं, तसं वाटलं.

हिल्याबाई कॉफी घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"उभ्याने बोलतोय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"बसून बोलताच यायचं नाही त्याला. आयुष्यभर माझं सूप गार झालं त्याच्यापायी." त्यांनी पडद्याला बोट लावलं. "हा चुलीकडे गेला. आता पाइप पेटवेल. बघ, तू थांबलीयेस. काडी सापडत नाहीये त्याला."

पडद्यावर मी खरोखरच थांबले होते, नजर जरा खाली, शांतपणे. मग ती पुन्हा वर गेली आणि मी हसले.

"हा त्याचा ट्राउट माशाचा विनोद," हिल्याबाई म्हणाल्या. "त्याला हसणारी तू पहिलीच."

कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "परत बस. विचार त्याला, कुठे आहेस."

"ओयालाबाई, मला तिथे काही दिसलं नाही. ऐकूही आलं नाही."

"तुला नाही. तिला," असं म्हणून त्यांनी पडद्यावरच्या माझ्याकडे बोट दाखवलं. "बस, पोरी. वारा सुटेल."

मी पुन्हा झाडू ठेवला, फोकस धरला, बसले. हिल्याबाई कॅमेऱ्यामागे उभ्या राहिल्या. मी मोठ्याने विचारलं, "रेनो, कुठे आहात?" आणि स्टुलाकडे बघत राहिले. स्टूल होतं. खिडकीतून येणारा पांढरा उजेड होता. हात मांडीवर होते. किटलीची शिट्टी झाली तेव्हा मी उठले.

मग आम्ही दोघींनी ते पाहिलं.

नजर वर गेली. ऐकू लागली.

मग पडद्यावर माझा उजवा हात उठला. रस्ता विचारल्यावर सांगणाऱ्यामागोमाग आपण हवेत रेघ ओढतो ना, तसा. आधी लांब, खोपटीकडे. मग तिथून मागे, किनाऱ्याला धरून. नदीच्या मुखाशी जुन्या लाकूडगिरणीच्या धक्क्याचे खुंट बर्फातून वर आलेले आहेत, तिथे हात थांबला. ती जागा त्या खिडकीतून दिसते.

"तू हात उचलला नव्हतास," हिल्याबाई हळूच म्हणाल्या. "मी इथेच उभी होते."

लॅपटॉप तसाच बंद करून त्या फोनकडे गेल्या. पाणबुड्यांचा म्होरक्या वेन सामान आवरत होता. "वेन, गिरणीच्या खुंटांपाशी एकदा उतर," त्या म्हणाल्या. "का ते विचारू नकोस. चर्चच्या रविवारच्या शाळेत तुला मी शिकवलंय, तेव्हाही तू फार विचारायचास."

उजेड असतानाच वेन उतरला. मी किनाऱ्यावर कॅमेरा लावून उभी होते, हिल्याबाई शेजारी. वेन वर आला, तोंडावरचा मुखवटा काढला आणि त्यांच्याकडे बघून होकाराची मान हलवली. त्या खाली बर्फावर बसल्या आणि दोन्ही हातांनी बर्फ थोपटत राहिल्या. "आलास," त्या म्हणाल्या. "घराशी आलास की रे."

सहाच्या बातम्यांत मी एवढंच सांगितलं की ते सापडले. रात्रभर वारा वाहिला आणि सकाळपर्यंत उपसागर मोकळा झाला होता.

"छान झालं काम," दुसऱ्या दिवशी ऑफिसात डेल म्हणाला. "पण ऐकतानाचे शॉट का नाही वापरलेस?"

"फोकस गेला होता," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी दुसरा शॉट पुन्हा लावला. त्या दिवशी तो आम्ही हाताच्या खुणेपर्यंतच पाहिला होता. पुढे किटलीच्या शिट्टीपर्यंत तो बराच उरलेला आहे.

खुंटांकडे दाखवून हात खाली येतो. मी मान हलवते, आभार मानावेत तशी. नजर दारापर्यंत कुणाला तरी पोचवते.

मग तिथून दुसऱ्या कुणाला आत घेऊन येते.

हा बुटका असावा. मी ऐकते. हात उठतो, लांब, पाण्याकडे. मान हलते. नजर पुन्हा दाराकडे, पुन्हा आत. हात उठतो, वेगळ्या दिशेला. मग अजून कुणी. मग दोघं एकदम, कारण नजर एकावरून दुसऱ्यावर जाते. मी कुणालाच मधे तोडत नाही.

शिट्टी व्हायच्या जरा आधी मी खुर्चीत पुढे वाकते, फार खाली, गुडघ्याच्या उंचीवर कान नेते. बराच वेळ तशीच राहते.

या वेळी हात उठत नाही. तो पुढे होतो आणि लहान मुलाचा हात धरावा तसं, अर्ध्या मिटलेल्या बोटांनी काहीतरी धरून ठेवतो.