आतून उघडणारी झडप

"दार टाकतोय रेऽऽ... आत कोण हाय का?"

ही हाक अक्षताच्या कानात लहानपणापासून राहिलीय. तिच्या बाबांची. दशरथराव मांजरी गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या दारावर कामाला होते. नदी फुगली की चाक फिरवून लोखंडी दार खाली सोडायचं, म्हणजे पाणी वस्तीत शिरत नाही. आधी तीन हाका, मगच चाकाला हात.

अक्षता माझी मैत्रीण, इंजिनियर. तिला नकाशे काढता येतात, गोष्टी रचता येत नाहीत. म्हणून हे खरं मानतो. तुम्ही तुमचं ठरवा.

२४ मे २०२४. शुक्रवार. दुपारचे तीन.

जुनं दार गंजलं होतं. नवं कुठलं बसवायचं, हे अक्षतानं ठरवलं होतं. चाकाचं नको, झडप हवी. वरच्या बिजागरीवर लटकणारी. ओढ्याचं पाणी तिला आतून ढकलून बाहेर पडतं. नदी चढली की नदीच तिला दाबून बंद करते. माणूस लागतच नाही.

बाबांना तेव्हा पटलं नव्हतं.

"चाकाचंच बसव."

"अहो बाबा, माणूस विसरतो, घाबरतो. झडप घाबरत नाही."

"आतून उघडतं ते दार नको."

"का पण?"

"इंजिनेर तू का मी?" एवढं बोलून ते उठून गेले होते.

आता झडप बसवून झाली होती आणि पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. ती नीट बंद झाली नाही तर चाळीस घरं पाण्यात. पहिलं घर शकीलाचाचींचं. त्यांचे नवरे मेहबूबचाचा बाबांचे जोडीदार, दारामागच्या मोरीतला, म्हणजे ओढ्याच्या बोगद्यातला गाळ काढायचे. बावीस वर्षांपूर्वी पुरानं नेले, असं सगळे म्हणत.

ओढा कोरडा ठणठणीत. वारा पडलेला. पाखरूही बोलत नव्हतं.

अक्षता झडपेसमोर उभी राहून तपासणी वहीत लिहीत होती. इतक्यात...

किर्रर्र.

झडप हातभर उघडली.

आणि तशीच राहिली.

पाण्याचा थेंब नाही. मग ढकललं कुणी?

तिनं मोबाईलचा उजेड आत टाकला. मोरी रिकामी. पार पलीकडच्या जाळीपर्यंत.

तिनं झडप दाबून बंद केली. हात काढला...

किर्रर्र.

पुन्हा हातभर.

मग तिनं अंगाचा सगळा भार टाकला. आतूनही तेवढाच भार आला. ना कमी, ना जास्त. बाहेरून लोखंड उन्हानं भाजत होतं. कडेवरून बोटं आत गेली...

आतली बाजू गार होती. ओली.

तिनं बाबांना फोन केला. "बाबा, दार बंद होत नाहीये."

ते अनवाणीच आले. झडपेकडे बघितलं आणि मटकन खाली बसले.

शकीलाचाची पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "दशरथभाऊ, ऊन लागलं का? आणि हे बंद होईल ना हो? पहिलं घर माझंच आहे."

बाबांनी तांब्या घेतला नाही.

पुढचं सांगताना अक्षता माझ्याकडे बघत नाही. झडपेवर आजही चाचींचं घर अवलंबून आहे. झडप कधी नीट बंद होते, कधी नाही. का, ते कुणालाच कळलेलं नाही.

बाबा झडपेकडे तोंड करून बोलले. पण सांगत होते चाचींना.

"पुरानं न्हाई नेलं त्याला, शकीला. त्यो मोरीत आत होता. नदी एकदम चढली, मी घाईत हाक द्यायचं विसरलो, चाक फिरवलं. मागं जाळी, आन वढ्याचं पानी भरत होतं. त्यो लोखंडाच्या पलीकडून बोलत होता. 'उघड' म्हनत होता. उघडलं असतं तर नदी तुज्या घरात शिरत होती, आन तू पोटुशी, आतच झोपलेली."

चाचींनी तांब्या खाली ठेवला.

"मी त्याला त्येच सांगितलं. मंग त्यो 'उघड' म्हनायचा थांबला. लई येळ नुसतं तुजंच नाव घेत होता... मी ऐकत बसलो."