आत माणूस आहे

बोईसरला कारखान्यातल्या लोकांनी मिळून बांधलेली एक जुनी सोसायटी आहे. तिथे तळमजल्यावर खंडेराव राहायचे. माणूस मूळचा सांगलीकडचा, तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुपरवायझर होऊन निवृत्त झालेला. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्या दुपारी त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कैलासला बोलावलं, ते अगदी साध्या कामासाठी.

कॉम्प्युटर कारखान्याच्या ऑफिसातला होता. तिथे नवे आले तेव्हा जुना सेट साहेबांनी निरोपाच्या दिवशी खंडेरावांना देऊन टाकला. त्यावर ते पत्ते खेळायचे आणि सोसायटीच्या खरमरीत नोटिसा टाइप करायचे. हल्ली तो बंद करायला गेलं की पडद्यावर एक चौकट यायची. मजकूर इंग्रजी, पण अर्थ असा, की या कॉम्प्युटरवर आणखी कोणीतरी काम करतं आहे. बंद केलात तर त्याचं नुकसान होईल. तरीही बंद करायचा? खाली दोन बटणं, हो आणि नाही. खंडेराव 'नाही' दाबून चडफडत उठायचे.

"घरात अजून कोन वापरतं, काका?" कैलासने विचारलं. तो उमरोळीचा, स्टेशनजवळ त्याचं दुकान होतं.

"कोणी नाही. हिला त्यातलं कळत नाही आणि कुशलला ड्युटीतून सवड नाही."

कुशल त्यांचा एकुलता एक मुलगा. बापाच्याच कारखान्यात मेंटेनन्सला लागला होता.

चहा घेऊन आलेल्या इंदुबाई दारातच थांबल्या. "कुशल कामावर असला की येतं हे," त्या हळूच म्हणाल्या. "तो घरी आला की कॉम्प्युटर मुकाट बंद होतो. आणि आज तर तो कारखान्यातल्या टाकीत उतरणार आहे..."

"तुझं काहीतरीच. आत जा."

कैलासने कॉम्प्युटरचा डबा उघडून धूळ झटकली, पंखा साफ केला. तरी आतून टक... टक... असा आवाज येतच राहिला. खंडेरावांना मघापासून एक आंबूस, घशाला लागणारा वास येत होता. कारखान्यांच्या गावात वासाचं कोणाला काय वाटणार? पण खिडक्या बंद होत्या आणि वास डब्यातूनच येत होता.

कैलासने पडद्यावर कोण कोण आत आहे ते दाखवणारी खिडकी उघडली. वर खंडेरावांचं नाव. खाली आणखी एक ओळ. नावाची जागा कोरी आणि पुढे शिक्का, 'चालू'.

"हे बगा. मानूस हाय, पन नाव नाय." कैलास हसला. "बिननावाचं काय खरं धरायचं? काढून टाकतो."

खंडेरावांच्या हातातली बशी कलंडली. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

त्यांच्या कारखान्यात एक कडक रीत होती. टाकीच्या पोटात उतरण्याआधी माणसाने ढवळणाऱ्या पात्याचा स्विच बंद करायचा आणि त्यावर आपल्या नावाचा लाल टॅग अडकवायचा. 'आत माणूस आहे.' ज्याने लावला त्यानेच तो काढायचा, मग मालक का येईना. डोंगरातल्या पाड्यावरून ठेक्यावर आलेल्या जिवल्याला लिहिता येत नव्हतं. त्याने टॅगवर नावाच्या जागी शाईचा अंगठा उठवला होता. माल पाठवायची घाई होती. खंडेरावांनी टॅग पाहिला आणि म्हणाले, "बिननावाचं काय खरं धरायचं?" टॅग काढला, स्विच लावला. आतला जिवल्या पात्यात सापडून गेला. त्याआधी टाकीतून टकटक ऐकू आली होती. पाइपचा आवाज असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. जिवल्याने टॅग लावलाच नव्हता, हे निवेदन त्यांनी याच कॉम्प्युटरवर टाइप केलं. जिवल्याची बायको तानी गेटवर आली, तेव्हा तिला वॉचमनकडून हाकलूनही दिलं. खोटं कशाला बोला, इतकी वर्षं त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं.

"हात लावू नकोस," ते कैलासवर खेकसले. "बंद करायचा नाही. कुशल येईपर्यंत बंद करायचा नाही."

कैलासने माऊस सोडला, आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली.

टेबलाखालची बॅटरी टूं... टूं... करू लागली. पडदा अजून उजळ होता, आणि न बोलावता ती चौकट त्यावर आली होती. खंडेरावांनी 'नाही' दाबलं. ती परत आली. पुन्हा दाबलं, पुन्हा आली.

"बॅटरी जुनी हाय, काका," कैलासचा आवाज खाली गेला. "लय टिकायची नाय."

खंडेरावांनी कुशलला फोन लावला. रिंग वाजत राहिली. टाकीत उतरताना फोन कपाटात ठेवावा लागतो, हा नियम त्यांनीच तर राबवला होता. मग त्यांनी प्लांटचा नंबर फिरवला. ऑपरेटर दर्पण होता.

"कुशल दिसत नाय, साहेब. जेवायला गेला आसंल. टाकी आमी चालूच करतोय आता. स्विचवर टॅग हाय, पन त्याच्यावर नाव नाय..."

"काढू नकोस." खंडेराव ओरडले. "आत माणूस आहे. दर्पण, बाबा, पाया पडतो तुझ्या, काढू नकोस."

पलीकडे फक्त टक... टक... ऐकू आलं आणि फोन तुटला. त्याबरोबर बॅटरीने मान टाकली. पडदा काळा झाला.

डब्यातली टकटक मात्र चालूच होती. कैलासने भिंतीतली पिन उपसून हातात धरली, तरी चालू होती. त्याने अवजारं पिशवीत कोंबली. "काका, माजं काय द्यायचं नाय. मला परत बोलवू नका," एवढं म्हणून तो गेला.

संध्याकाळ कशी सरली ते त्या दोघांनाच ठाऊक. इंदुबाई देवापाशी बसून होत्या. खंडेराव दारात उभे होते, बसत नव्हते.

आणि कुशल आला. धडधाकट, नेहमीसारखा घामेजलेला, हातात डबा. इंदुबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्या रडू लागल्या. खंडेरावांना वाटलं, सुटलो.

"तुम्ही फोन केला होता म्हणे. त्यामुळे थांबले ते, नाहीतर आज काही खरं नव्हतं," कुशल म्हणाला. त्याने खिशातून आपला लाल टॅग काढून टेबलावर ठेवला. "पण हे बघा ना, बाबा. मी जाड पेनाने नाव लिहिलं होतं, स्वतःच्या हाताने. वर आलो तर हे."

नावाच्या जागी काळा अंगठा उठला होता. शाई अजून ओली होती.

"मग माझं नाव गेलं कुठे?" कुशल हसत म्हणाला आणि हात धुवायला गेला.

आतल्या खोलीतून निळसर उजेड येत होता. खंडेराव भिंतीला धरून तिथे गेले. पिन कैलासने टाकली होती तशीच जमिनीवर पडली होती, आणि कॉम्प्युटर चालू होता. ती खिडकी उघडी होती. वर त्यांचं नाव. खालची ओळ आता कोरी नव्हती. तिथे कुशलचं नाव होतं, जाड अक्षरांत, त्याच्याच वळणाचं, आणि पुढे 'चालू'.

मग ती चौकट आली. तरीही बंद करायचा? खंडेरावांनी 'नाही'कडे बोट नेलं आणि ते तसंच अधांतरी राहिलं.

खाली आता एकच बटण होतं. 'हो'.

स्वयंपाकघरातून कुशलने हाक मारली. "बाबा, जेवायला येताय ना? आणि ते टकटक काय वाजतंय?"