पाटापाटच्या पुलावरून कोण आलं?

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर तिला धड शेवट तरी दिला असता.

घडली ती आमच्याच घरात. फिलिपिन्समधल्या लाओआग शहरात. सुरुवात झाली ईस्टरनंतरच्या रविवारी. आणि भर दुपारी, लख्ख उन्हात. त्यामुळे अंधारात काहीतरी भास झाला असेल, असं म्हणायचीही सोय नाही.

रोवेना ही माझ्या मावशीची सून. जे झालं ते तिच्या डोळ्यांसमोर झालं. तिनं मला ते सांगितलं तेव्हा स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं होतं.

मावशीचा थोरला मुलगा रेनाल्दो हवाईला असतो. बऱ्याच वर्षांनी तो बायकोमुलांना घेऊन घरी यायचा होता. त्याची एकच फर्माईश होती. समुद्राच्या कडेकडेनं गाडीनं जायचं. बुर्गोसचं दीपगृह, बांगीच्या पवनचक्क्या, पागुदपुदचा किनारा आणि शेवटी पाटापाटचा पूल. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र आणि मधून वळत गेलेला तो लांबलचक पूल.

बेत आखायचं काम रोवेनाकडे आलं. ती औषधाच्या दुकानात काम करते. प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथं लागते तिला. कुठं थांबायचं, कुठं खायचं, कुठली स्वच्छतागृहं बरी आहेत... टेबलावर नकाशा पसरून ती दिवसदिवस बसायची.

"तू सहल आखतेयस की लढाई?" तिचा नवरा विल्मर चिडवायचा.

"तुझ्या वहिनीला वाटेत बाथरूम सापडलं नाही, की मग लढाईच आहे. आधी एकदा आपण जाऊन बघून येऊ."

म्हणून त्या रविवारी ते रंगीत तालमीला निघाले. विल्मर, रोवेना, त्यांची सहा वर्षांची मायुमी आणि मावशी. रोवेना मावशीला 'नानांग' म्हणते, म्हणजे आई. मीही आता तसंच म्हणते.

नानांग म्हणजे तोंडाचा पट्टा. मागच्या सीटवर बसून गाडी तीच चालवते. "हळू! वळण आहे! कुत्रं आहे! अरे, मला घरी पोचायचंय!"

पण त्या दिवशी तिचा आवाजच बसला होता. आदल्या आठवड्यात शेजारचे आजोबा गेले. आमच्याकडे मयतीला गाऊन विलाप करतात, आणि नानांगसारखा विलाप गल्लीत कोणाला जमत नाही. रात्रभर गाऊन गाऊन घसा पार गेला. ती नुसती हातवारे करत होती.

"आज किती शांत वाटतंय ना?" विल्मर म्हणाला.

नानांगनं मागून त्याच्या डोक्यात टपली मारली.

सगळे खूश होते.

पुलावर ते दुपारी पोचले. वारा भन्नाट सुटला होता. विल्मरनं गाडी कडेला घेतली. फोटो काढले. मायुमीनं बिस्किटं खाल्ली. नानांग कठड्यापाशी जाऊन समुद्राकडे बघत उभी राहिली.

बराच वेळ...

मग निघायची वेळ झाली.

आमच्या इलोकोस प्रांतात एक रीत आहे. अशा निर्जन जागेवरून निघताना प्रत्येकाला नावानं हाक मारायची. "अमक्या, चल, मागे राहू नकोस." माणूस गाडीत बसतो, पण त्याचा जीव तिथंच रेंगाळला तर? त्याला नावानंच बोलवावं लागतं. नुसतं 'चला' म्हणून भागत नाही.

हे काम कायम नानांगचं. सगळ्यांची नावं घेऊन झाली की शेवटी ती स्वतःचंही घ्यायची.

पण आज आवाज नव्हता. तिनं कठड्यापासूनच रोवेनाला हातानं खूण केली... तू म्हण.

रोवेना म्हणाली, "विल्मर, चल, मागे राहू नकोस. मायुमी, चल, मागे राहू नकोस. रोवेना, चल, मागे राहू नकोस."

मग ती अडखळली.

सासूचं नाव कसं घ्यायचं? लग्नाला दहा वर्षं झाली, एकदाही घेतलं नव्हतं. आमच्याकडे कुठलीच सून घेत नाही. जीभच वळत नाही.

म्हणून ती म्हणाली, "नानांग, चला. मागे राहू नका."

वारा एकदम थांबला.

पुन्हा सुरू झाला.

नानांग वळली, चालत आली आणि गाडीत बसली.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून हूं की चूं नाही. घसा बसलाय, रोवेनाला वाटलं. पण टपली नाही, हातवारे नाहीत... विल्मरनं एका वळणावर मुद्दाम वेग वाढवला. तरीही काही नाही. रोवेनानं आरशात पाहिलं. नानांग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती आणि खिडकीतून जाणारं प्रत्येक घर डोळे भरून बघत होती.

घरी पोचले. सगळे आत गेले.

नानांग फाटकाबाहेरच उभी.

"काय झालं?" रोवेनानं विचारलं.

"आत येऊ?"

आवाज आला होता. पण किती मऊ. नानांगचा आवाज कधीच मऊ नव्हता.

रोवेना हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय. "या की! तुमचंच घर आहे."

हे ती आजही आठवते आणि कपाळावर हात मारून घेते.

दुसऱ्या दिवसापासून बारीकसारीक काहीतरी खटकायला लागलं.

नानांगला मीठ कुठं ठेवतात ते सापडेना. ती एकेक डबा उघडून बघायची आणि हळूच बंद करायची. मायुमीला ती नावानं हाक मारेना, नुसतं "बाळा". तिचे केस विंचरत बसायची, तासन् तास. मायुमी कंटाळून म्हणायची, "आजी, पुरे!" तरी हात थांबायचा नाही. रोवेनाच्या स्वयंपाकाला कधी धड चांगलं न म्हणणारी बाई प्रत्येक घासाला म्हणायची, "किती छान केलंयस गं."

"घसा सुधारला आणि स्वभावही सुधारला," विल्मर म्हणाला. "सोन्याहून पिवळं!"

रोवेनाला हसू आलं नाही.

आणखी एक गोष्ट. नानांगच्या चपलांचा आवाज. फरशीवर फटफट करत ती दिवसभर फिरायची, वैताग यायचा त्या आवाजाचा. आता ती चालायची... आणि काहीच ऐकू यायचं नाही.

मग रोवेनाच्या सासऱ्यांच्या पुण्यतिथीचा दिवस आला. त्यांच्या फोटोपुढे आम्ही ताट ठेवतो. भात, तळलेलं मांस, पान-सुपारी, छोट्या पेल्यात उसाची दारू. ते मेलेल्यांचं ताट. जित्या माणसानं त्याला शिवायचं नसतं. लहानपणी त्यातली केळ्याची फोड उचलली म्हणून नानांगनं माझ्या हातावर उलथनं मारलं होतं.

संध्याकाळी रोवेना उदबत्ती विझली का बघायला गेली.

नानांग फोटोपुढे बसली होती.

ताटातला भात खात होती... हातानं, घाईघाईनं, खूप दिवसांच्या भुकेल्या माणसासारखी.

रोवेनाला पाहून ती लाजली. "माझ्यासाठी कोणी ठेवतच नाही गं," ती म्हणाली.

रोवेना घाबरली. खरंच घाबरली. तिनं विल्मरला सांगितलं. "म्हातारपण," विल्मर म्हणाला. "डॉक्टरांना दाखवू." पण त्याचाही चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतले तासियो फाटकाशी आले. ते पागुदपुदच्या पलीकडे जाणारी बस चालवतात. फाटकातूनच ओरडले,

"काय गं रोवेना, सासूला पुलावर टाकून आलात होय? जास्त जेवते म्हणून?"

"म्हणजे?"

"पाटापाटला बसली होती काल. कठड्यापाशी, जमिनीवर. मी हॉर्न दिला, तर माझ्याकडे बघून हातवारे करत होती नुसती. मागं दुसरी बस लागली होती, मला थांबता आलं नाही. कोणाबरोबर गेली होती?"

रोवेनानं मागं वळून पाहिलं.

नानांग खिडकीत बसून मायुमीचे केस विंचरत होती.

"काल त्या घरीच होत्या," रोवेना कशीबशी म्हणाली.

तासियोंचं हसू गेलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि निघून गेले.

रोवेनानं विल्मरला हात धरून आणलं. दोघं नानांगच्या पाठीमागे उभे राहिले. रोवेनानं आयुष्यात पहिल्यांदा सासूचं नाव घेतलं.

"फेलिसिदाद."

काही नाही. केस विंचरणं चालूच.

"फेलिसिदाद," विल्मर जरा मोठ्यानं म्हणाला.

काही नाही.

रोवेना हळूच म्हणाली, "नानांग..."

ती लगेच वळली. तोंडभर हसत.

"ओ, बाळा?"

विल्मरनं गाडीची किल्ली उचलली. मायुमीला माझ्याकडे सोडलं आणि तिघं निघाले. रोवेनानं आखलेला तो सुंदर रस्ता, ते निळं पाणी, तिनं एकदाही बाहेर पाहिलं नाही. तिला एवढंच वाटत होतं... आपण जरा संकोच केला आणि एक माणूस तिकडं ऊनवाऱ्यात बसून राहिलंय. तिला उठवून आणता आलं नाही तर?

पुलावर त्याच जागी गाडी थांबली. विल्मर चाक धरून बसून राहिला.

रोवेना खाली उतरली. कठड्यापाशी कोणी नव्हतं. नुसता वारा.

तीही उतरली. रोवेनाच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला सगळं कळलं होतं बहुतेक. तिनं रोवेनाचा हात हातात घेतला. हात गार होता, ओला होता.

"परत एकदा म्हण ना," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी म्हणाली होतीस तसं. नानांग, चला."

रोवेनाला रडू फुटलं. एवढ्या भीतीतही तिला त्या बाईची दया आली. पण तिनं हात सोडवून घेतला आणि समुद्राकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा जोर काढून ती ओरडली,

"फेलिसिदाद! फेलिसिदाद तुमानेंग! चला! मागे राहू नका!"

वारा पडला.

खालच्या लाटांचाही आवाज येईना...

"हळू ओरड की," शेजारून घोगरा आवाज आला. "बहिरी नाहीये मी."

रोवेना तिच्या गळ्यातच पडली. नानांग कुरकुरत गाडीत बसली. पाय दुखतायत, तहान लागलीय, एवढा उशीर का केलात, कोणाला काळजी आहे का म्हातारीची... पहिल्याच वळणावर ती खेकसली, "हळू रे गाढवा!" आणि विल्मर चाकावर डोकं टेकून हमसाहमशी रडला. गाडी तशीच कडेला उभी राहिली.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

घरी आल्यावर रोवेनानं नकाशा काढला आणि पूल बेतातून खोडून टाकला. पागुदपुदपर्यंत जायचं आणि मागं फिरायचं.

नानांग कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं नकाशात डोकावून पाहिलं.

"पूल का काढलास?"

"नानांग... तुम्ही विचारताय?"

"तिथं थांबायचंच. रेनाल्दोला बघायचाय ना." मग थोड्या वेळानं, घडीवरून हात फिरवत ती म्हणाली, "तुझी काही चूक नव्हती गं. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

"मी नाव घेतलं नाही, म्हणून तर..."

"मी उठलेच होते. नाव घे, नको घेऊ, माझी सून बोलावतेय हे मला कळत नाही होय? कठड्यापाशी ती दुसरी होती ना, ती बिचारी बसल्या जागेवरून हललीही नव्हती. आपल्याला कोणी बोलवेल असं तिला वाटतच नव्हतं. मीच म्हटलं तिला, माझ्या जागी तू जा, बघून ये एकदा घर. पोरांना भेटून ये."

रोवेनानं नकाशा बाजूला सारला.

"मला वाटलं, संध्याकाळपर्यंत येईल परत," नानांग म्हणाली. "तिचं कोणी नाही बाई तिकडं. कोणी फिरकत नाही. आणि पाणी फार गार आहे."

"कोण आहे ती? नाव काय तिचं?"

"तेच तर आठवत नाही तिला."

"पण या वेळी तुम्ही... नाही ना असं काही करणार? शपथ घ्या, नानांग."

नानांगनं शेवटच्या परकराची घडी घातली, सगळे कपडे उचलले आणि आत ठेवायला गेली. चपला फटफटत गेल्या. तिनं शपथ घेतली नाही.

काल रेनाल्दो आला. घर माणसांनी भरलंय. उद्या सकाळी दोन गाड्या निघणार आहेत, मीही आहे त्यात. नानांगनं हट्टानं पूल परत बेतात घालायला लावलाय. बरोबर न्यायला तिनं केळीच्या पानात बांधून भाताच्या गोड वड्या भाजल्यात, आणि त्यातल्या काही वेगळ्या काढून ठेवल्यात.

रोवेनानं आम्हा सगळ्यांना बजावलंय. पुलावरून निघताना नानांगला एकदम, एका आवाजात, पूर्ण नाव घेऊन हाक मारायची. मायुमीला तर तिनं नाव पाठच करून घेतलंय.

आम्ही ओरडणार आहोत. सगळे, जीव तोडून.

पण ओ नानांगनं द्यायला हवी ना...